आमच्या घरात तो नुसता ‘जॉर्ज’ होता : तुमचे अनुभव सांगा

२९ जानेवारी २०१९ ला मी वडिलांना फोन करून सांगितलं की जॉर्ज फर्नांडिस गेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जॉर्ज गेला होय.” आणि फोन आईकडे दिला.

माझे वडील मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यात होते. त्यांनी जन्मात कधी मुकादमाला एकेरी हाक मारली नाही. वॉर्ड ऑफिसातल्या शिपायालाही ते साहेबच म्हणायचे. पण ज्या माणसाने उद्योग, रेल्वे आणि संरक्षण अशी तीन खाती सांभाळली, तो मात्र त्यांच्या तोंडी कायम ‘जॉर्ज’ राहिला. जॉर्ज आला होता, जॉर्ज काय बोलला, जॉर्जला पकडला. आपल्याकडे देवाला, आईला आणि पंढरीच्या विठ्ठलाला एकेरीत बोलावतात. पुढाऱ्याला हा मान सहसा मिळत नाही.

हा माणूस मूळचा मंगळूरचा, जन्म ३ जून १९३०. घरच्यांनी पाद्री व्हायला बंगलोरच्या सेमिनरीत पाठवलं. तिथे वरच्यांच्या ताटात एक आणि विद्यार्थ्यांच्या ताटात दुसरं, हे त्याला सहन झालं नाही, तो बाहेर पडला. मुंबईत आला तेव्हा चौपाटीच्या बाकावर झोपायचा. पुढे गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या हाताखाली तयार झाला. हॉटेलातली पोरं, टॅक्सीवाले, पालिकेचे झाडूवाले असे ज्यांना कुणी विचारत नव्हतं ते लोक त्याने संघटित केले. १९६१ मध्ये नगरसेवक, १९६७ मध्ये खासदार.

भाषणं आणि अग्रलेख पुष्कळ झाले. मला या धाग्यात घरातलं हवं आहे. तुमच्या घरात जॉर्ज कसा आला? संपातून, कर्जातून, मतपेटीतून, रेल्वेतून? राग असेल तर रागही लिहा. सुरुवात माझ्याकडून.

वडील सांगायचे, की पहाटे हजेरीच्या चौकीवर साडेपाचला जॉर्ज उभा असायचा. चुरगळलेला कुडता, केस विस्कटलेले. चौकीसमोरच्या त्या वेळेच्या वासात उभं राहून कुणी सुशिक्षित माणूस अर्धा तास आपल्याशी बोलतो, हेच त्यांना नवल होतं. कपडे तो स्वतः धुतो हे युनियनमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि मंत्री झाल्यावरही त्याने ती सवय सोडली नाही. काय बोलला ते वडिलांना आठवत नाही. नाकाला रुमाल लावला नाही, एवढं मात्र पक्कं आठवतं.

भुसावळची लेक

मी तेव्हा अकरा वर्षांची. वडील लोको शेडला फायरमन. त्या काळी कॉलबॉय घरी येऊन ड्यूटीची वर्दी द्यायचा, मग रात्रीचे दोन असोत की भर पावसाळा. वडिलांची लोखंडी लाइनबॉक्स दाराशी कायम भरलेली असे: डाळ-तांदूळ, कांदे, एक कढई, चादर. एकदा गेले की कधी परततील याचा नेम नाही. बारा तास, चौदा तास, कधी त्याहून जास्त भट्टीसमोर फावड्याने कोळसा ओतायचा. १९७३ मध्ये लोकोवाल्यांनी संप केला तेव्हा दहा तासांचं आश्वासन मिळालं होतं. आमच्या घरात ते दहा तास काही आले नाहीत.

म्हणून ८ मे १९७४ ला संप सुरू झाला तेव्हा वडिलांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आठ तासांचं काम, बोनस, महागाई भत्ता या मागण्या कॉलनीतल्या पोरांनाही पाठ होत्या. सगळ्या देशात १७ लाख रेल्वे कामगार. जॉर्ज ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचा अध्यक्ष. त्याला तर २ मेलाच लखनौत पकडला होता, म्हणजे संप सुरू व्हायच्या आधीच नेता आत. तरी गाड्या थांबल्या.

मला त्या संपाची आठवण पापडांवरून आहे. मे महिना, उडदाचे पापड आणि कुरडया करायचे दिवस. एरवी आमच्याकडे उन्हात काही घातलं की तासाभरात त्यावर कोळशाची काजळी बसायची. आई वरून जुनं लुगडं अंथरायची. त्या वर्षी तिने काही न पांघरता पापड वाळवले आणि ते पांढरेशुभ्र निघाले. डब्यात भरताना ती रडत होती, मला वाटलं उडदाच्या पिठाने डोळे चुरचुरले.

वडील घरात नव्हते. पोलीस रात्री दार वाजवून माणसांना कामावर न्यायचे, म्हणून बरेचजण बाहेरगावी पांगले होते. वडील यावलकडे मावशीच्या केळीच्या बागेत होते. आम्हाला शिकवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर ‘लग्नाला गेले’ म्हणायचं. घरात पैसे नाहीत. किराणा दुकानदाराने वही बंद केली नाही, त्याचं नाव आई शेवटपर्यंत देवापुढे घ्यायची.

आमच्या शेजारचे काका मात्र कामावर गेले. पोलिसांच्या गाडीतून गेले, पोलिसांच्या गाडीतून आले. त्यांच्या बायकोचं आणि आईचं पाणी भरणं एकत्र असायचं. त्या दिवसापासून आईने नळाची वेळ बदलली. पुढची पाच वर्षं संक्रांतीला तिने त्या काकूंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी त्यांच्या मुलीशी शाळेत चोरून बोलायची.

२७ मेला संप मागे घेतला. काही न मिळता. वडील परतले तेव्हा खांद्याचं हाड दिसत होतं. कितीतरी लोकांना कामावरून काढलं होतं, कितींना क्वार्टर सोडावं लागलं. १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा काढलेल्यांना परत घेतलं. बोनस १९७९ मध्ये मिळाला. ज्या मागणीसाठी वडील केळीत लपले, ती पाच वर्षांनी पगाराच्या पाकिटातून आली. वडिलांनी त्या पैशांतून आईला घड्याळ घेतलं. तोवर तिची सगळी वेळ शेडच्या भोंग्यावर चालत होती.

जॉर्जबद्दल माझं मत मी लपवत नाही. वीस दिवस सतरा लाख घरांनी त्याच्या शब्दावर चूल अर्धी पेटवली. इतकी मोठी हाक देताना ती झेपेल की नाही याचा हिशेब त्याने पुरेसा केला होता का, हा प्रश्न मला अजून सतावतो. वडिलांना कधीच सतावला नाही.

टॅक्सीवाल्याचा मुलगा, लालबाग

आमचे वडील दुसऱ्याची टॅक्सी चालवायचे. दिवसाचं भाडं मालकाला, उरेल ते आपलं. स्वतःची गाडी घ्यायची तर कर्ज हवं, आणि खाकी कपडे नि बिल्ला लावून बँकेत गेलं की साहेब वर बघायचा नाही. अशा लोकांसाठी जॉर्जने १९६८ मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली. कामगारांचे पैसे, कामगारांना कर्ज. तिचंच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झालं.

घरी फियाट आली त्या दिवशी चाळीतल्या बायकांनी तिला ओवाळलं. हप्ता भरायला वडील स्वतः जायचे, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचे नाहीत. म्हणायचे, बँकेत खुर्चीवर बसायला मिळतं. संप, मोर्चा यांबद्दल सगळे लिहितील. माझ्या लेखी त्याचं मोठं काम ही खुर्ची आहे.

गिरगावकर आजी (नातीने टंकलं)

१९६७ ला माझं मत जॉर्जला नव्हतं. आमच्या घरात सदोबा पाटलांना मान होता. तीन वेळा मुंबईचे महापौर, केंद्रात मंत्री, काँग्रेसचा निधी उभा करणारा माणूस. त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणायचे. दक्षिण मुंबईत त्यांना देवसुद्धा हरवू शकत नाही, अशी भाषा झाली आणि तीच नडली. तुम्ही पाटलांना हरवू शकता, अशी भित्तिपत्रकं गल्लोगल्ली लागली. एवढं साधं वाक्य! आमच्या यजमानांनी ते वाचलं आणि घरी येऊन म्हणाले, हे अवघड दिसतंय.

निकालाच्या दिवशी खाली रस्त्यावर घरगडी, हॉटेलातली पोरं, टॅक्सीवाले नाचत होते. मी गॅलरीतून बघितलं. मला वाईट वाटलं होतं, पण ती माणसं एवढी आनंदात मी आधी कधी पाहिली नव्हती, हेही खरं. चारच वर्षांनी, १९७१ ला, त्याच मतदारसंघाने जॉर्जला पाडलं. तेव्हा खाली कुणी नाचलं नाही.

निवृत्त बँक अधिकारी, सध्या नाशिक

माझी बदली १९८० च्या दशकात बिहारमधल्या मुजफ्फरपूरला झाली. मराठी माणूस म्हटल्यावर लोक एकच विचारायचे, जॉर्ज साहबना ओळखता का? तिथे तो ‘साहब’ होता. आणीबाणीत शिखाचा वेश करून तो भूमिगत फिरला, १० जून १९७६ ला कलकत्त्यात पकडला, सरकारविरुद्ध डायनामाइट जमवल्याचा बडोदा डायनामाइट खटला लावला. १९७७ ची निवडणूक त्याने तुरुंगातून, मुजफ्फरपूरमधूनच लढवली. मतदारसंघात पाऊल न ठेवता ३ लाखांहून जास्त मतांनी निवडून आला. बेड्या घातलेला हात वर केलेला त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. मी एका लिची व्यापाऱ्याच्या गोदामात तो फोटो तसबिरीत लावलेला पाहिला, हार घातलेला, आणि माणूस तर तेव्हा जिवंत होता.

कांटीचं वीज केंद्र, दूरदर्शन केंद्र, सगळ्याचं श्रेय लोक त्याला द्यायचे. ज्या माणसाला त्यांनी न पाहता मत दिलं, त्याने परत येऊन काम केलं, एवढंच त्यांना पुरे होतं.

लघुउद्योजक, कोल्हापूर

जॉर्ज उद्योगमंत्री असताना कोका-कोला आणि आयबीएम देश सोडून गेले ते सगळ्यांना आठवतं. १९७८ ला जिल्हा उद्योग केंद्रं सुरू झाली, ती त्याच उद्योगमंत्र्याच्या काळात, हे फार कुणी सांगत नाही. परवाना, कर्जाची शिफारस, शेड, सगळ्यासाठी मुंबईची वारी चुकली. माझं फाउंड्रीचं पहिलं प्रकरण तिथून मंजूर झालं. एवढंच लिहायचं होतं.

राजापूर तालुक्यातली माहेरवाशीण

आमच्या लहानपणी गणपतीला गावी जायचं म्हणजे परळहून रात्रीची एसटी. आई पुढच्या सीटचा दांडा धरून बसायची, धाकटा भाऊ कशेडीच्या वळणांवर उलट्या करायचा. दोन महिने आधी रांग लावून आरक्षण. रेल्वेचं नाव निघालं की आजोबा हात झटकायचे. बॅरिस्टर नाथ पै बोलून गेले, मधू दंडवते लोकसभेत वर्षानुवर्षं बोलत राहिले, आणि गाडी रोह्यापर्यंत यायला १९८६ उजाडलं.

१९८९ च्या डिसेंबरात जॉर्ज रेल्वेमंत्री झाला आणि दंडवते अर्थमंत्री. एक कोकणी बोलणारा मंगळूरचा, एक आमचा खासदार. एकाकडे रेल्वे, दुसऱ्याकडे तिजोरी. असा योग पुन्हा आला नसता. सरकार तर वर्षही टिकलं नाही. पण तेवढ्यात कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं (जुलै १९९०), ई. श्रीधरन यांच्या हाती काम सोपवलं, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या राज्यांना भागीदार केलं आणि रोखे काढून पैसा उभा करायची सोय लावली. त्यामुळे सरकार पडलं तरी काम थांबलं नाही. संपाने गाड्या थांबवणाऱ्या माणसाने सगळ्यात अवघड लोहमार्ग टाकून दिला, असं लोक म्हणतात ते मला अर्धंच पटतं. मला त्यात युनियनवालाच दिसतो. पैसे नाहीत म्हटल्यावर वर्गणी कशी जमवायची आणि चार वेगवेगळ्या मतांच्या माणसांना एका सतरंजीवर कसं बसवायचं, हे तो गोदीत शिकला होता.

आमच्या जमिनीतून खुंट्या गेल्या. आजोबांची सहा हापूसची कलमं गेली. पैसे मिळाले ते कलमांच्या मानाने थोडे, आणि उशिरा. आजोबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. डोंगर फोडायचे आवाज गावभर यायचे. माती भुसभुशीत, बोगदा खणावा आणि वरून ढासळावा. काम करताना कितीतरी माणसं गेली, त्यांच्यासाठी रत्नागिरी स्थानकाजवळ स्मारक आहे. येता-जाता तिथे मिनिटभर थांबा.

२६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. रोह्यापासून मंगळूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास, नव्वदावर बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल. आजोबा तेव्हा ब्याऐंशींचे. पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा त्यांनी खिडकी सोडली नाही. आमच्या वाडीपाशी गाडी आली तशी त्यांनी बोट दाखवलं आणि मोठ्याने सांगितलं, “हितं माझी कलमां होती.” डब्यातल्या सगळ्यांनी बाहेर बघितलं.

माजी सैनिक, सातारा जिल्हा

मी सियाचीनला होतो तेव्हा संरक्षणमंत्री आमच्या चौकीवर आले नव्हते, खोटं सांगणार नाही. पण ते ग्लेशियरवर वारंवार जातात हे प्रत्येक जवानाला माहीत होतं. १९९८ ते २००४ दरम्यान डझनाहून जास्त वेळा गेले असतील. त्यांच्या आधी मंत्री एकदा फोटोपुरते आले तरी बातमी व्हायची.

बर्फावरच्या स्कूटरची गोष्ट आमच्यात फार सांगायचे. त्या खरेदीची फाइल दिल्लीत अडकली होती. तेव्हा त्यांनी फाइल अडवणाऱ्या अधिकाऱ्यांनाच सियाचीनला पाठवायचा हुकूम काढला. फाइल हलली. वर चौकीत रात्रंदिवस रॉकेलचा स्टोव्ह पेटवून बसावं लागतं, थुंकी काळी पडते. ते ज्याने तिथे जाऊन पाहिलं नाही, त्याला फाइलीचा दिवस म्हणजे काय ते कळणार नाही. माझा मामा गिरणीत होता. ही गोष्ट सांगितल्यावर तो म्हणाला, साहेबाला खात्यात आणून उभा करायचा, ही युनियनची जुनी रीत आहे.

सेवादलातला एक, पुणे

वर सगळं चांगलं चाललंय, पण धागाकर्तीने रागही मागितला आहे.

आम्ही त्याच्या भाषणांवर वाढलो. १९७९ च्या जुलैत मोरारजी सरकारवर अविश्वास आला. जॉर्जने लोकसभेत सरकारची अशी काही बाजू मांडली की आम्ही रेडिओपाशी उड्या मारल्या. आणि लगेच तो स्वतः त्याच सरकारातून बाहेर पडला. माझ्या वडिलांनी रेडिओ बंद केला आणि दोन दिवस पेपर उघडला नाही.

मग १९९४ ला समता पक्ष, मग भाजपबरोबर, राष्ट्रीय लोकशाही आघाडीचा निमंत्रक. कचेरीत हिरोशिमाचं चित्र ठेवणारा माणूस पोखरणच्या अणुचाचण्यांच्या वेळी संरक्षणमंत्री होता. २००१ ला संरक्षण खरेदीतल्या लाचखोरीच्या तहलका प्रकरणात राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पुन्हा मंत्री झाला. कारगिलनंतरच्या शवपेट्यांच्या खरेदी प्रकरणात त्याच्यावर काही सिद्ध झालं नाही, आणि तो आरोप त्याच्या बाबतीत मला कधी खराही वाटला नाही. पण २००२ मध्ये गुजरातच्या दंगलींवर तो लोकसभेत जे बोलला, ते मी विसरू शकत नाही. झाडूवाल्याच्या चौकीवर पहाटे उभा राहणारा माणूस त्या दिवशी मार खाणाऱ्याच्या बाजूला उभा राहिला नाही. मला त्याचा राग येतो तो परका म्हणून येत नाही. घरातल्या थोरल्या भावाचा यावा तसा येतो. ब्रह्मदेश आणि तिबेटच्या पोरांना त्याने स्वतःच्या सरकारी बंगल्यात आसरा दिला, बंगल्याचं फाटक काढून टाकलं, हेही मला माहीत आहे. त्यामुळे राग कमी होत नाही, उलट जास्त टोचतो.

शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. इतक्या लोकांची नावं तोंडपाठ असलेला माणूस. त्यावर मी काही लिहू शकत नाही.

मनमाडकडचा

चार दिवस हा धागा वाचतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं. भुसावळच्या ताईंचं वाचून लिहितो.

१९७४ ला माझे वडील कामावर गेले होते. आम्ही भुसावळचे नाही, पण गोष्ट तीच. मोठ्या बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, आजी अंथरुणाला खिळलेली, आणि क्वार्टर गेलं तर एवढी माणसं न्यायची कुठे? वडील तीन रात्री झोपले नाहीत आणि चौथ्या दिवशी निघाले. तेही पोलिसांच्या गाडीतून. आई दारात आली नाही.

बहिणीच्या लग्नात कॉलनीतली चार घरं जेवायला आली. बाकीची पत्रावळ तशीच राहिली. संपात कामावर राहिलेल्यांना ‘निष्ठावान’ म्हणत, त्यांना इन्क्रिमेंट मिळालं. वडिलांच्या कागदांत तो शब्द असलेलं पत्र निघालं, चार घड्या करून पंचांगात खोचलेलं. त्यांनी ते कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

१९७९ ला बोनस झाला तो सगळ्यांनाच झाला. ज्यांनी संप केला त्यांना, आणि वडिलांनाही. त्या दिवशी त्यांनी पाव किलो पेढे आणले. देवापुढे ठेवले, आम्हाला एकेक दिला, आणि उरलेले स्टीलच्या ताटलीत घालून समोरच्या घरी पाठवले. समोरचे काका संपात नऊ दिवस तुरुंगात होते. ताटली घेऊन मी गेलो होतो. काकूंनी ती घेतली, काही बोलल्या नाहीत, दार लावलं.

वडील त्या रात्री ड्यूटीवर गेले नाहीत, पाच वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली. दोन दिवसांनी ताटली परत आली. घासलेली होती, आणि तिच्यात वाटीभर साखर होती.